घरच्या घरी सिनेमाघर : साहित्य आणि कृती

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याच्या हातात अजून काही मोकळे रविवार आहेत असा माणूस. ते कसे संपवावेत हे पुढे क्रमवार दिले आहे.

मांडायच्या वस्तू दोन. एक, टीव्हीला जोडायचा छोटा संगणक. जाणकार त्याला एचटीपीसी म्हणतात, आमच्या घरी ‘काळा डबा’ म्हणतात. दुसरी, घरातले सगळे चित्रपट, गाणी आणि फोटो एका जागी ठेवणारी, राउटरला जोडलेली पेटी. जाणकार तिला नॅस म्हणतात, आमच्या घरी ‘ती घरघर’ म्हणतात. दोन्ही नीट बसल्या की घरातल्या कोणालाही, कोणत्याही खोलीत, हवे ते पाहता येते. निदान तसे ऐकून मी डोंबिवलीतल्या दोन खोल्या-हॉल-किचनमध्ये हा संसार मांडला.

साहित्य

छोटा संगणक, एक. दोन हार्ड डिस्क बसतील अशी नॅस पेटी, एक. हार्ड डिस्क, दोन (खरे तर तीन, पण तिसरीचे नाव आत्ताच काढले तर पहिली पायरीच चढता येणार नाही). लॅन केबल, मोजमाप येईल त्याच्या दीडपट. स्टूल, टॉर्च आणि तो धरायला न कंटाळणारा एक माणूस. वेळ, दोन तास. हे दोन तास साधारण दिवाळीपासून होळीपर्यंत पुरतात.

पायरी १ : मंजुरी मिळवावी

घरात ‘फोर-के’, ‘डॉल्बी’, ‘सर्व्हर’ हे शब्द उच्चारू नयेत. मी उच्चारले. “अहो, मोबाईलवर सगळं दिसतं की,” असे उत्तर आले, आणि त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मग मी डाव बदलला. “माळ्यावर धाकट्याच्या मुंजीची कॅसेट आहे ना, १९८९ ची? बाबा आहेत त्यात. ती यात भरून ठेवता येईल.” आईने भाजी निवडता निवडता मान वर केली आणि खर्च मंजूर झाला.

कॅसेटचे मी केवळ डाव म्हणून बोललो होतो, हे इथे नमूद करून ठेवतो. पुढे लागेल.

पायरी २ : जागा निवडावी

नॅस चोवीस तास चालते, म्हणून तिला हवा लागते. बंद कपाट नको, स्वयंपाकघर नको, पलंगाच्या उशाशी तर नकोच. रात्री दोन वाजता डिस्क जागी झाली की घरात उंदीर शिरल्यासारखे वाटते. राउटरजवळचा उघडा कप्पा उत्तम.

उघड्या कप्प्यातली वस्तू महाराष्ट्रात उघडी राहत नाही. तिसऱ्या दिवशी आईने नॅसवर क्रोशाचा रुमाल घातला आणि त्यावर लाकडी बैलजोडी ठेवली. पेटीच्या जाळ्या झाकल्या गेल्या, डिस्क तापल्या आणि नॅसने मला ऑफिसात तापमानाचा निरोप पाठवला. रुमाल काढू नये. वाद घालूनही काढू नये. घडी घालून फक्त माथ्यावर ठेवावा, मागची पंख्याची बाजू मोकळी सोडावी. बैलजोडीने काही बिघडत नाही.

पायरी ३ : डबा निवडावा

मार्ग तीन. पहिला, घरातला जुना लॅपटॉप. फुकट असल्यामुळे तो सगळ्यांना आधी सुचतो. माझा २०१२ चा होता. आजचे बरेचसे व्हिडिओ ज्या एच.२६५ पद्धतीने दाबून बसवलेले असतात, ती प्रमाण म्हणून ठरली २०१३ मध्ये. म्हणजे लॅपटॉपच्या ग्राफिक्सला ती भाषा येत नाही. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, चित्र अडखळते आणि पंखा असा फिरतो की नायिकेचे रडणे ऐकू येत नाही.

दुसरा मार्ग रास्पबेरी पाय. २०१२ मध्ये इंग्लंडात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी काढलेला हा पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक मुलांच्या हातून कधीच बापांकडे आला आहे. तिसरा मार्ग मिनी पीसी. इंटेलची एन१०० ही २०२३ पासून मिळणारी चिप अवघ्या ६ वॅटची आहे आणि एच.२६५ पासून एव्ही१ पर्यंतच्या भाषा तिला उपजत येतात. नवशिक्याने हा घ्यावा. आम्ही तिन्ही घेतले, म्हणून सांगतो.

पायरी ४ : डिस्क घ्याव्यात

दुकानातून ८ टीबीची डिस्क आणावी, लावावी आणि विंडोजमध्ये पाहावी. ती ७.२७ टीबी दिसेल. दुकानदाराला फोन करू नये. डिस्क बनवणारा हजारा-हजाराने मोजतो, विंडोज एक हजार चोवीसने. कापड वाराने मोजून मीटरचा भाव लावावा तसा हा व्यवहार आहे, आणि तो सगळ्या कंपन्या उघडपणे करतात.

डिस्कच्या जाती दोन, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. तेवढ्याच जागेत जास्त मावते, म्हणून ती स्वस्त. पण कौलारू घर ज्यांनी शाकारले आहे त्यांना ठाऊक असेल, मधले एक कौल बदलायचे तर शेजारची चार उचलावी लागतात. एकदा भरून ठेवायच्या मालाला ही डिस्क चालते. नॅसमध्ये, जिथे सतत लिहिणे-पुसणे चालते, तिथे ती दमते. खोक्यावर जात लिहिलेली नसेल तर मॉडेल क्रमांकावरून शोधावी. दुकानदाराला विचारल्यास तो “सगळ्या सारख्याच हो” म्हणेल.

दोन डिस्क एकमेकींच्या हुबेहूब नकला करत राहतात त्या रचनेला रेड-१ म्हणतात. ‘रेड’ हे नाव १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या तिघांनी लिहिलेल्या निबंधातून आले. त्या लघुरूपातल्या एका अक्षराचा मूळ अर्थ होता ‘स्वस्त’. पुढे धंद्यात त्याचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा लावला जाऊ लागला. बिल पाहिल्यावर का, ते कळते.

पायरी ५ : तार ओढावी

या पायरीला सगळे नवशिके “वायफाय आहे की” म्हणतात. आहे. पण राउटर हॉलमध्ये, टीव्ही आतल्या खोलीत आणि मध्ये आरसीसीची भिंत. फोर-के ब्लू-रे तबकडीवरचा चित्रपट ऐन धामधुमीच्या प्रसंगात सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर जाऊ शकतो. वायफाय एरवी तेवढे देतेही. पण बरोबर त्याच प्रसंगाला शेजारच्या तीन घरांत क्रिकेट सुरू असते.

तेव्हा तार. कॅट-५ई ही साधी केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. आपला फ्लॅट संपूर्ण उलगडला तरी १०० मीटर भरत नाही, त्यामुळे त्याहून महागडी केबल दाखवणाऱ्याला नमस्कार करून निघावे.

तार ओढायला मी एका ओळखीच्या माणसाला बोलावले. दरवाजाच्या चौकटीवरून पट्टी मारून त्याने काम फार सुबक केले. फक्त टोकाला क्लिप बसवताना केबलमधल्या आठ तारांपैकी चारच जोडल्या. “चारवर चालतं साहेब, बाकीच्या एक्स्ट्रा असतात.” चालते हे खरे. चार तारांवर १०० मेगाबिट चालते. गिगाबिटला आठही लागतात. फरक कसा कळला, तर एक टीबी माल गिगाबिटवर साधारण अडीच तासांत जातो, माझा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालला होता. नवशिक्याने केबल लावल्यावर आधी राउटरच्या पानावर जाऊन वेग १००० दिसतो का ते पाहावे, मगच त्या माणसाला चहा पाजावा.

आणखी एक. राउटरमध्ये नॅसचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आली की पेटी नव्या पत्त्यावर राहायला जाते आणि काळा डबा जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसतो.

पायरी ६ : सॉफ्टवेअर बसवावे

इथे भाऊबंदकीची थोडी ओळख हवी. कोडी हे सर्वांत जुने घराणे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर हौशी मंडळींनी ते सुरू केले, म्हणून त्याचे नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर. पुढे ते सगळीकडे चालू लागले, फक्त एक्सबॉक्सवर चालेना. तेव्हा २०१४ मध्ये नाव बदलून कोडी केले. याच घरातून प्लेक्स वेगळा निघाला. तिकडे एम्बी नावाच्या घराने आपला कोड झाकून घेतला, तेव्हा २०१८ मध्ये जेलिफिनने वाटणी घेऊन वेगळी चूल मांडली. वाद सगळ्या भाऊबंदकीत असतात तसेच आहेत: तावातावाचे, आणि बाहेरच्याला न कळणारे.

नवशिक्याने नॅसवर जेलिफिन आणि डब्यावर कोडी ठेवावे. दोन्ही फुकट. एकच तत्त्व लक्षात ठेवावे: फाईल आहे तशी टीव्हीपर्यंत पोचू द्यावी. टीव्हीला तिची भाषा कळली नाही की जेलिफिन ती चालू असतानाच दुसऱ्या भाषेत उलथू लागते, आणि नॅसचा बिचारा प्रोसेसर दुभाष्यासारखा घामाघूम होतो. म्हणून तर तिसऱ्या पायरीत बहुभाषिक चिप घ्यायला सांगितले.

पायरी ७ : फायलींचे बारसे करावे

सर्व पायऱ्यांत ही सर्वांत लांब. पोस्टर, कलावंत, कथा ही सगळी माहिती कोडी स्वतः शोधून आणते. मात्र फाईलचे नाव नीट हवे. ‘नवीन फोल्डर २’ मधल्या ‘फायनल_खरं फायनल’ या चित्रपटाचे पोस्टर कुठेही सापडत नाही.

नियम साधा: चित्रपटाचे नाव, पुढे कंसात साल. साल का? ‘श्यामची आई’ असे नुसते लिहिले तर डब्याने कोणती आई दाखवावी? आचार्य अत्र्यांची १९५३ ची की २०२३ ची? दोन्ही कृष्णधवल, त्यामुळे पडद्याकडे पाहूनही चटकन कळायचे नाही. ‘देवदास’चे तर विचारूच नका; साल चुकले की दिलीपकुमारच्या चित्रपटावर शाहरुखचे पोस्टर लागते आणि सासरेबुवा सात दिवस बोलत नाहीत.

या पायरीत कोणी मदत करत नाही, पण मते सगळे देतात. नाटके चित्रपटांत की वेगळी? कीर्तने गाण्यांत की प्रवचनांत? मी चार रविवार नावे ठेवत बसलो. मराठीत ‘नावे ठेवणे’ला जो दुसरा अर्थ आहे, ते काम त्याच काळात बाकीचे घर करत होते.

पायरी ८ : चित्र जुळवावे

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो. साठाला चोवीसने भागले की अडीच येतात आणि चित्र अडीच वेळा दाखवता येत नाही. म्हणून एक दोनदा, पुढचे तीनदा, असा लंगडीचा खेळ चालतो. कॅमेरा डोंगरावरून फिरू लागला की हिसके बसतात ते यामुळे. कोडीत चित्रपटाच्या गतीप्रमाणे टीव्हीची गती बदलण्याची सोय आहे. ती चालू करावी.

आपल्या लहानपणीच्या टीव्हीने यावर रोखठोक उपाय काढला होता. पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रांची, तेव्हा २४ चा चित्रपट सरळ २५ वर पळवायचा. तीन तासांचा चित्रपट त्यामुळे सात मिनिटे आधी संपे आणि गाणी किंचित वरच्या पट्टीत लागत. तेव्हा एकाही घरातून तक्रार ऐकल्याचे मला आठवत नाही. आता मात्र मी सोफ्यावरून उठून हिसके मोजतो.

पायरी ९ : वीज आणि प्रती

नॅससाठी लहान यूपीएस घ्यावा, आणि त्याची यूएसबी तार नॅसला जोडावी. म्हणजे महावितरणने दिवे घालवले की पेटी हातातले लिहिणे संपवून स्वतःहून झोपते. सतत २० वॅट धरले तरी वर्षाला सुमारे १७५ युनिट होतात. हा आकडा घरात सांगू नये. विचारल्यास फ्रीजकडे पाहावे.

आता तिसऱ्या डिस्कचे सांगायची वेळ आली. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य नवशिक्याने नॅसच्या रुमालावर भरून घ्यावे. रेडमधल्या दोन डिस्क एक निकामी झाली तर दुसरीवर चालतात, एवढेच. तुम्ही चुकून फोल्डर पुसले तर दोन्ही डिस्क ते एकाच क्षणी, सारख्याच निष्ठेने पुसतात. मी लग्नाचे फोटो असे पुसले. दोन्हींकडून.

जाणकारांचा ठोकताळा तीन-दोन-एक असा आहे: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. शेवटचा ‘एक’ सर्वांत महत्त्वाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई-ठाणे-कल्याणात तळमजल्यावरच्या कितीतरी घरांतले अल्बम लगद्याचे झाले. त्या पाण्याने कोणत्या कपाटात किती प्रती आहेत हे विचारले नव्हते. आमची तिसरी डिस्क आता नाशिकला बहिणीकडे असते. दर दिवाळीला चिवड्याच्या डब्याबरोबर ती जाते आणि जुनी परत येते.

घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

“बाबा, हे तर ओटीटीवर आहेच ना?” आहे. पुढच्या महिन्यात असेलच असे नाही.

“मामा, मला पुण्याहून बघता येईल?” येईल, व्हीपीएनमधून. त्यासाठी राउटरचे दार जगाला सताड उघडून ठेवू नये. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या घरगुती नॅसमधल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागितले होते.

“अरे, यातला टीव्हीचा रिमोट कोणता?” हा प्रश्न चार रिमोट पुढ्यात घेऊन आईने विचारला, आणि तोच माझ्या मते या सगळ्या विद्येचा परीक्षेचा पेपर आहे. रास्पबेरी पाय एचडीएमआयच्या तारेतूनच टीव्हीच्या रिमोटचे हुकूम ऐकतो. बहुतेक मिनी पीसींना ते ऐकू येत नाही. मी एन१०० चा डबा काढून अभ्यासाच्या खोलीत नेला आणि टीव्हीला पाय लावला. चित्र कदाचित पाच टक्क्यांनी कमी असेल. रिमोट तीनने कमी झाले.

पायरी १० : माळ्यावर चढावे

सगळे बसवून झाल्यावर आईने विचारले, “आणि मुंजीची कॅसेट?” डाव माझाच, तो माझ्याकडे परत आला.

ती काढली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी. डोंबिवलीत तीस-पस्तीस पावसाळे खाल्लेली व्हीएचएस दुसरी कशी निघणार? अशी फीत तशीच प्लेअरमध्ये घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. आधी जाणत्याकडून साफ करून घ्यावी. प्लेअर मिळवणे हे तर वेगळेच काम. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे २०१६ च्या जुलैत थांबवले. जगात नवे यंत्र बनवणारी ती शेवटची कंपनी होती. आता जे काही आहे ते कुणाच्या तरी माळ्यावर आहे. आमचा प्लेअर ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे निघाला. यूएसबी कॅप्चर कार्डाने टीव्हीवर चालते तशी, जितक्या तासांची कॅसेट तितकेच तास, ती संगणकात उतरवली. तासाला साधारण दोन जीबी.

बाबा कॅसेटमध्ये चार मिनिटे आहेत. पंक्तीत जिलबी वाढतायत आणि कॅमेरावाल्याला हाताने दूर सारत म्हणतायत, “माझं काय घेतोस, पानं घे, पानं.” आईने ती चार मिनिटे पाहिली, रिमोटचे डावे बटण दाबून मागे नेली आणि पुन्हा पाहिली. बटण तिला कोणी शिकवले नव्हते. मुंजीतल्या साऱ्या पानांवर काय काय वाढले होते, ते आम्हाला मग तपशीलवार कळले.

हिशेब असा. माझ्या नॅसमध्ये ८ टीबी जागा आहे. त्यातले बहुतेक सारे जगात दुसरीकडे कुठे ना कुठे मिळते. कुठेच मिळत नाही ते म्हणजे चार कॅसेटी, आईबाबांचे जुने फोटो आणि घरच्यांचे मोबाईलवरचे व्हिडिओ. सगळे मिळून ८० जीबी. शंभरातला एक भाग. उरलेल्या नव्व्याण्णव भागांसाठी मी पाच महिने राबलो आणि हा एक भाग डाव म्हणून सांगितला होता.

तेव्हा नवशिक्यांनी पायऱ्या उलट्या क्रमाने चढाव्यात. आधी माळ्यावर जा. डिस्क, डबा, तार सगळे बाजारात उद्याही मिळेल, आजच्यापेक्षा चांगलेच मिळेल. बुरशी मात्र पुढच्या पावसाळ्यात कामाला लागते. कॅसेट या उन्हाळ्यातच उतरवून घ्या, आणि एक प्रत दुसऱ्या गावी पाठवा.